भाजी संपव, मग हॉटेलात जाऊ

शनिवार आला की आपल्या घरांत वाटाघाटी सुरू होतात. ‘दुधी संपव, मग रात्री बाहेर जाऊ.’ ‘गणितं झाली तरच पिझ्झा.’ ‘ताईशी परत भांडलास ना, तर हॉटेल कॅन्सल.’ बोलणारी कधी आई असते, कधी बाबा, आणि कधी चक्क आजी, जिला मुळात बाहेरचं खाणंच पटत नाही.

यात कुणाच्या मनात वाईट काही नसतं. आठवडाभर ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, वर्तकनगर नाक्यावर उतरायचं, जाता जाता दूध-कोथिंबीर घ्यायची आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या कुकर लावायचा. रात्री साडेआठला पोर ताटावरून उठून पळायला लागलं की त्याला समजावून सांगण्याइतकं त्राण अंगात कुठे उरतं? मग जे हाताशी सापडतं ते आपण वापरतो.

आणि ते लागूही पडतं. दुधी संपतो, गणितं होतात, ताईला ‘सॉरी’ म्हटलं जातं. म्हणून तर पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

मला याच सौद्याबद्दल तुमच्याशी बोलायचंय. मैदा वाईट, चीज वाईट, रंग वाईट असलं काही मी सांगत बसणार नाही. त्यासाठी आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये नातेवाइकांचे ग्रुप आहेत आणि ते आपलं काम चोख करतात.

अमेरिकेत लीअन बर्च नावाच्या बाई होत्या. मुलांच्या खाण्याच्या आवडीनिवडी कशा घडतात, याचाच अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. 1980 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एखादा खाऊ बक्षीस म्हणून दिला की मुलांना तो आधीपेक्षा जास्त आवडायला लागतो. चार वर्षांनी त्यांनी उलट बाजू तपासली. ‘हे पेय पी, मग तुला मजा मिळेल’ असं म्हणून मुलांना एक पेय प्यायला लावलं. मुलं प्यायली, पण काही दिवसांनी तेच पेय त्यांना पूर्वीपेक्षा कमी आवडू लागलं होतं.

म्हणजे आपल्या सौद्यात आपण एकाच वाक्यात दोन्ही कामं उरकतो. पिझ्झा अधिक गोड करतो आणि दुधी अधिक कडू. मुलाचं गणित अगदी सरळ असतं: ज्याच्यासाठी आईला लाच द्यावी लागते, ती गोष्ट वाईटच असणार.

पण भाजीचं राहू द्या. भाजी आज ना उद्या खातील. मला जास्त टोचतं ते दुसरंच. हॉटेलात जाणं मुलाच्या वागण्यावर टांगून ठेवलं की त्या दिवशी अख्ख्या घराचा आनंद त्या सहा-सात वर्षांच्या जिवाच्या डोक्यावर बसतो. माझ्या ओळखीच्या एका घरात धाकट्याने दूध सांडलं आणि आरडाओरडा केला म्हणून बेत रद्द झाला. थोरली त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. ‘तुझ्यामुळे कॅन्सल झालं’ हे वाक्य तिने नंतर किती वेळा ऐकवलं असेल! तो मुलगा त्यानंतर बाहेर जाताना जिन्यातच विचारायला लागला, ‘मी आज चांगला वागलोय ना?’ त्याच्या आईने हे मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण तिला ते लागलं होतं.

आपण सगळेच रद्द करण्याची धमकी देतो. खरंखुरं रद्द फार कमी वेळा करतो, कारण रद्द केलं तर स्वयंपाक आपल्यालाच करायचा असतो! मुलांना हे बरोबर कळतं. त्यामुळे धमकी पोकळ आहे हे त्यांना माहीत असतं, आणि तरीही ‘खरंच कॅन्सल केलं तर?’ ही धाकधूकही असते. दोन्ही एकदम.

आता मनातलं बोलू या. शनिवारी आपण बाहेर का जातो? मुलांनी आठवडाभर शहाण्यासारखं वागून ते कमावलेलं असतं म्हणून? छे. आपण जातो कारण आपण दमलेलो असतो. त्या एका रात्री कुणाला पोळ्या लाटायच्या नसतात, ओटा पुसायचा नसतो, उरलेली आमटी कुठल्या डब्यात मावेल याचा विचार करायचा नसतो. मुलांचा हट्ट हे आपल्याला सोयीचं निमित्त असतं. घरात सासूबाई असतील तर फारच सोयीचं. ‘मुलं ऐकतच नाहीत हो’ म्हटलं की विषय मिटतो.

मग हेच मुलांना सांगून टाकलं तर? ‘मी आठवडाभर दमलेय. आज मला ओट्यापाशी उभं राहायचं नाही. म्हणून आपण बाहेर जेवू या.’ एवढंच. त्यात दुधी नाही, गणित नाही, ताई नाही.

आपल्या आधीच्या पिढीला हे वेगळं सांगावं लागत नसे, कारण बाहेरच्या जेवणामागे कुणाचे तरी कष्ट आहेत हे डोळ्यांसमोर असायचं. मुंबईच्या गिरणगावात गावाहून एकटे आलेले कामगार खानावळीत जेवायचे. त्या खानावळी म्हणजे कुणा बाईचं छोटंसं घर. तीच बाजार करायची, तीच रांधायची, आणि किराणा भरायला सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे उचलायची. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. स्वयंपाक हे मोबदला मिळण्याजोगं काम आहे, हे बँकेच्या साहेबाला पटवायलासुद्धा संघटना लागली! आपल्या घरातल्या स्वयंपाकालाही कष्ट पडतात हे मुलांना शनिवारच्या निमित्ताने कळलं, तर त्यात काय बिघडलं?

आमच्या वर्तकनगरात तर घरोघरी डब्यांचं राज्य होतं. म्हाडाच्या बुटक्या इमारती, भोवती रेमंडची गिरणी, कॅडबरीचा कारखाना, पलीकडे वागळे इस्टेटमधल्या कंपन्या. शिफ्ट बदलली की डब्याची वेळ बदलायची. हॉटेल म्हणजे पगाराच्या आठवड्यातला उडुप्याचा मसाला डोसा, तोही दोघांत एक. फॅमिली रूम नावाच्या लाकडी खोपट्यात बसायचं, झुलत्या अर्ध्या दाराखालून वेटरचे पाय दिसायचे. आजच्या मुलांना हे सांगितलं तर ती विचारतात, ‘मग तुम्ही बाहेर बसून का नाही खायचात?’ याचं उत्तर देता देता आपलीच पंचाईत होते. बाईमाणसाने चारचौघांत खाऊ नये, असं काहीतरी त्यामागे होतं, हे दहा वर्षांच्या मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी सांगितलं. तिने डोळे मोठे केले आणि पुढचा घास घेतला.

तर, एखादा वार ठरवून टाकला की बराच ताप कमी होतो. आठवड्यातून एकदा, पंधरवड्यातून एकदा, खिशाला झेपेल तसं. मुद्दा एवढाच की तो वार मुलाच्या मार्कांवर, भाजीवर किंवा वागण्यावर अवलंबून नसावा. वागणुकीबद्दल बोलायचं असेल तर ते वेगळं बोलू, त्या दिवशीच बोलू, पण ताट मध्ये आणायचं नाही. सुरुवातीला आपलीच जीभ वळवळते. ‘बघ हं, शनिवार आहे आज’ हे तोंडातून निघूनच जातं. निघू दे. पुढच्या वेळी थोडं कमी निघेल.

आणि दर वेळी मोठं हॉटेलच लागतं असंही नाही. उपवनच्या तलावाकाठी पावसाळ्यात भाजलेलं कणीस खाणं हेही बाहेर खाणंच. गुरुवारी साईबाबांच्या देवळातून परतताना गाडीवर थांबून खाल्लेला डोसा मुलांना मॉलमधल्या थाळीइतकाच लक्षात राहतो. बरेचदा जास्तच, कारण तिथे गाडीवाल्या काकांचा तवा दिसतो.

खरी कसोटी हॉटेलच्या दारात सुरू होते. रविवारी रात्री साडेआठला ठाण्यातल्या कुठल्याही बऱ्या हॉटेलबाहेर नावं लिहिण्याची वही असते. नाव लिहायचं, पायरीवर उभं राहायचं, आणि आतल्या माणसांनी आता बडीशेप खाऊन उठावं म्हणून काचेतून त्यांच्याकडे बघत बसायचं. मोठ्यांना ते जमतं. पाच वर्षांच्या मुलाला भूक आणि वाट पाहणं या दोन गोष्टी एका वेळी जमत नाहीत. त्याची झोपेची वेळ साडेनऊ, आणि त्याचं सूप येणार नऊ चाळीसला. मग तो टेबलाखाली शिरतो, काटा-चमचा वाजवतो, शेजारच्या टेबलावरच्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि आपला चेहरा उतरतो. त्या क्षणी आपल्याला मुलाचा राग आलेला नसतो. लोक काय म्हणतील याची लाज वाटत असते, आणि ती मुलावर निघते.

यावर माझा उपाय अगदीच साधा आहे. लहान मुलं असतील तर सात-सव्वासातलाच जायचं. हॉटेल रिकामं असतं, वेटरदादांना बोलायला वेळ असतो. आणि निघण्याआधी पोराच्या पोटात अर्धं केळं किंवा तूप लावलेली पोळीची गुंडाळी ढकलायची. ‘मग हॉटेलात काय खाणार?’ असं आजी म्हणतील. जेवढं खाईल तेवढं खाईल. उपाशी मुलाला रांगेत उभं करण्यापेक्षा ते बरं.

आणि मोबाइल. याबद्दल बोलल्याशिवाय सुटका नाही. टेबलावर बसलं की पहिल्या मिनिटाला आपण फोन मुलाच्या हातात देतो, पाण्याच्या बाटलीला टेकवून उभासुद्धा करून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं की दोन ते चार वर्षांच्या मुलांचा बसल्या जागी स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत असावा, आणि त्याहून लहानांचा असूच नये तर उत्तम. आपल्याला हे ठाऊक आहे. ठाऊक असूनही आपण फोन देतो, कारण आपल्याला गरम सूप गरम असतानाच प्यायचं असतं. मला ते समजतं. कधीतरी द्यावा लागला तर द्या, मनाला लावून घेत बसू नका.

पण एक अभ्यास वाचल्यापासून माझी बोटं जरा आवरली आहेत. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासासाठी अमेरिकेतल्या बॉस्टन भागात जेनी रॅडेस्की नावाच्या बालरोगतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फास्ट फूडच्या दुकानांत बसून टिपणं काढली. मुलांच्या फोनबद्दल नव्हे, मोठ्यांच्या! मुलांसोबत आलेल्या 55 जणांपैकी 40 जणांनी जेवताना फोन काढला. काही मोठी माणसं फोनमध्ये इतकी बुडाली होती की लक्ष वेधून घेण्यासाठी मुलं मस्ती करायला लागली, आणि मग मोठे त्यांच्यावर खेकसले. वाचताना मला बॉस्टन दिसलंच नाही. मला पोखरण रोडवरचं आमचं नेहमीचं टेबल दिसलं.

ऑर्डर दिल्यापासून ताट येईपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं भरायची कशाने, हा खरा प्रश्न. शाळेतलं विचारू नका. ‘आज शाळेत काय झालं?’ याचं उत्तर जगभरची मुलं ‘काही नाही’ असंच देतात. त्यापेक्षा समोरच्या मेनू कार्डात गोष्टी भरलेल्या असतात. मुलाने मंचुरियन मागवलंय? मग त्याला सांगा की चिकन मंचुरियन चीनमधून आलं नाही, आपल्या मुंबईतच जन्मलं. 1970 च्या दशकात नेल्सन वाँग नावाच्या कोलकात्याहून आलेल्या आचाऱ्याने चर्चगेटजवळच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा बनवलं असं मानतात. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपला मसाला, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. वडापावचं श्रेय दादर स्टेशनबाहेर 1966 च्या सुमारास गाडी लावणाऱ्या अशोक वैद्यांना दिलं जातं. डोसा मागवला असेल तर माटुंग्याची गोष्ट आहे: ए. रामा नायक उडुपीहून लहानपणी मुंबईत आले, स्वयंपाकघरात कामाला लागले आणि 1942 साली माटुंगा स्टेशनजवळ त्यांनी स्वतःचं बोर्डिंग काढलं. ते आजही चालू आहे. एखाद्या सुट्टीला तिथे केळीच्या पानावर जेवायला घेऊन गेलात तर मुलं ती गोष्ट विसरणार नाहीत.

ठाणे-कल्याणच्या गोष्टी तर आजोबांनीच सांगाव्यात. मामलेदार मिसळीला मामलेदार का म्हणतात? ती मामलेदार कचेरीला खेटून मिळायची म्हणून. कल्याणचा खिडकी वडा? घराच्या खिडकीतून विकायचे म्हणून. मुलं यावर हटकून हसतात आणि मग स्वतः नावं पाडायला लागतात. आमच्या घरी ‘बाल्कनी भजी’ आणि ‘लिफ्ट इडली’ यांवर एक अख्खी संध्याकाळ गेली होती. सूप कधी आलं ते कळलंच नाही.

वेटर आला की आपण मुलाकडे न बघता सांगून मोकळे होतो, ‘इसके लिए नूडल्स, कम तीखा.’ त्याऐवजी मुलालाच सांगू द्या. पहिल्यांदा तो आपल्या कानात सांगेल, मग पुटपुटेल, वेटरला दोनदा विचारावं लागेल. आपल्याला घाई झालेली असते, शब्द ओठांवर येतात. ते गिळायचे. कुठून कुठून आलेली ही पोरं असतात, दिवसभर टेबलं पुसतात. ‘दादा, पानी मिलेगा?’ असं कुणी लहान मूल नीट विचारतं तेव्हा त्यांचा चेहरा खुलतो. ‘गाव कौनसा?’ असं मुलाने विचारलं तर तर विचारूच नका! दुसऱ्या खेपेला त्याच्या बशीत जास्तीची काकडी येते.

काय मागवायचं यावरून होणारे वाद मात्र मोठे. एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ आहेत. त्यांनी जेवणाच्या जबाबदारीची एक वाटणी सुचवली, ती मला फार पटते. काय, कधी आणि कुठे खायचं हे आईबाबांनी ठरवायचं. किती खायचं, आणि खायचं की नाही, हे मुलाने. घरी आपण थोडंफार तसं वागतोही. हॉटेलात गेलो की सगळं उलटं होतं. काय खायचं ते मूल ठरवतं: मोठ्ठं सिझलर, कारण शेजारच्या टेबलावर धूर निघाला. आणि किती खायचं ते आपण ठरवतो: सगळं! कारण साडेचारशे रुपये मोजलेत. तिसऱ्या घासाला पोट भरलेलं मूल, समोर धुमसणारं ताट, आणि ‘पैसे झाडाला लागतात का’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य.

निवड द्यायची, पण दोन-तीन गोष्टींतून. ‘पावभाजी, डोसा की फ्राइड राइस?’ अख्खं बारा पानी मेनू कार्ड सहा वर्षांच्या मुलापुढे टाकलं तर गोंधळ उडणारच, आपलाही उडतो. उरलं तर डबा बरोबर असू दे. घरचा स्टीलचा डबा काढायला आता कुणी लाजत नाही. मी तर काढतेच.

‘आमचा दर वेळी नूडल्सच मागतो’ ही तक्रार मी इतक्या आयांकडून ऐकली आहे की आता मला ती तक्रार वाटतच नाही. साधारण दोन ते सहा वर्षं हा काळच असा असतो की नवीन पदार्थ दिसला की मुलं मागे सरकतात. त्यात आपल्या स्वयंपाकाचा दोष नसतो. आणि मला एक गंमत दिसली आहे. घरी जी भाजी ‘ईऽऽ’ म्हणून ढकलतात, तिच्यासारखंच काहीतरी हॉटेलात आपल्या ताटातून हळूच उचलून बघतात. का? कारण तिथे ते आईने केलेलं नसतं. नाही आवडलं तरी कुणाचं तोंड पडणार नाही, कुणी म्हणणार नाही की मी एवढं खपून केलं. म्हणून हॉटेलात त्यांच्याकडे टक लावून बघू नका. घेतला घास तर ‘अरे वा, खाल्लंस!’ असा गजर करू नका. आपण आपलं जेवावं.

एका गोष्टीत मात्र मी कडक आहे. जेवण झालं की ती बडीशेप-खडीसाखरेची वाटी येते आणि मुलं मूठ भरतात. चार वर्षांखालच्या मुलांना शेंगदाणे, खडीसाखर, गोळ्या असलं कडक काही देऊ नये. घशात अडकतं. त्यात मूल खुर्च्यांमधून धावत असतं. आजोबांनी लाडाने दिलं तरी हात धरावा, आजोबा दोन मिनिटं रुसतात.

आता पैशांचं. हे आपण मुलांपासून फार लपवतो.

आपल्या भागात आता शेजारी शेजारी दोन गावं वसली आहेत. एकीकडे पुनर्विकासाची वाट बघणाऱ्या जुन्या इमारती, दुसरीकडे पोखरण रोडवरचे पोहण्याचा तलाव असलेले टॉवर. शाळेची बस दोन्हीकडे थांबते. त्यामुळे वर्गातल्या कुणाचा वाढदिवस मॉलमध्ये होतो, कुणाचा सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, आणि मग आपलं मूल घरी येऊन विचारतं, ‘आपण तिथे कधी जाणार?’ त्या प्रश्नाने आपल्या पोटात खड्डा पडतो. मग आपण एक तर चिडतो, ‘तिथलं काही चांगलं नसतं!’, किंवा हप्ता बाजूला सारून जाऊन येतो आणि बिल बघून महिनाभर कुढतो.

मूल बहुतेक वेळा टोमणा मारत नसतं. ते फक्त विचारत असतं. ‘ते हॉटेल महाग आहे. या महिन्यात तुझी फी भरलीये, म्हणून या महिन्यात नाही. दिवाळीच्या सुमारास बघू’ हे उत्तर सात वर्षांच्या मुलाला पुरतं. आपण चोरट्या आवाजात सांगितलं तर त्याला वाटतं, काहीतरी लाजिरवाणं आहे. भाजीचा भाव सांगतो त्या आवाजात सांगितलं तर त्यालाही तो भावच वाटतो.

थोड्या मोठ्या मुलांच्या हातात बिल द्यावं. सहावी-सातवीत शेकडेवारी शिकलेलीच असते. बहुतेक हॉटेलांत जीएसटी 5 टक्के लागतो, अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. तो बरोबर लावलाय का ते मुलीला तपासू दे. खाली ‘सर्व्हिस चार्ज’ अशी वेगळी ओळ असेल तर तीही दाखवा. 2022 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलांना तो आपोआप बिलात घालता येणार नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. टीप द्यायची की नाही, किती द्यायची, हे आपण ठरवायचं. ते मुलीशी बोलून ठरवा. आमच्या बिल्डिंगमधल्या एका बारा वर्षांच्या मुलीने एकदा वडिलांना काउंटरवरून परत बोलावलं होतं, बिलात पाण्याच्या दोन बाटल्या जास्त लावल्या होत्या म्हणून. वडिलांना त्याचं कौतुक अजून पुरत नाही.

घरी मागवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पावसात, परीक्षेत, आजारपणात ती मोठी सोय आहे. फक्त डबे उघडण्याआधी ताटं मांडावीत आणि एकत्र बसावं. नाहीतर चौघं चार खोल्यांत चार खोकी घेऊन बसतात. पार्सल घेऊन आलेल्या माणसाला पाणी विचारायचं काम मुलांकडे सोपवलं तर ती ते आवडीने करतात.

राहता राहिली चौदा-पंधरा वर्षांची मंडळी. ही यायलाच तयार नसतात! ‘तुम्ही जा, मला इथेच मागवून द्या.’ कालपर्यंत हॉटेलच्या नावाने दुधी संपवणारा मुलगा आज खोलीचं दार लावून घेतो आणि आपल्याला धक्का बसतो. मैत्रिणी म्हणतात, आमच्याकडेही हेच. त्याला आपल्यासोबत दिसायची लाज वाटते का? थोडी वाटत असेल. बाबा वेटरशी मोठ्याने बोलतात, आई सगळ्यांच्या ताटात वाढत सुटते, आजी भाव विचारते. त्या वयात हे सगळं जड जातं. आणि लहानपणापासून हॉटेल जर त्याच्या वागण्याशी बांधलेलं असेल, तर आता ते नाकारणं हा त्याचाही एक सौदाच असतो. तो आपणच शिकवलाय.

ओढून नेऊ नये. पण विचारणंही सोडू नये. जागा त्याला निवडू द्यावी, मग ती स्टेशनजवळची मोमोची गाडी का असेना. त्याच्या एखाद्या मित्रालाही बोलवावं. मित्र असला की मुलगा जास्त बोलतो, आणि मित्राकडून आपल्याला चार गोष्टी कळतात त्या वेगळ्याच. टेबलावर अभ्यासाचा विषय काढायचा नाही असं आधीच ठरवून सांगावं आणि पाळावं. कठीण आहे, मला माहीत आहे. दहावीच्या वर्षात तर फारच कठीण.

आणि तरी नाहीच आला, तर त्याच्यासाठी डब्यात बांधून आणावं. भाजी संपवलीस का, असं न विचारता.